सेकंदांचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठीत ‘उरक’ हा मोठा नेमका शब्द आहे. एखाद्याच्या हाताला उरक आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तो माणूस भराभर हात चालवतो एवढंच आपल्याला म्हणायचं नसतं. काम वेळेत पुरं झालं, नीट झालं आणि करणाऱ्याची तारांबळ उडाली नाही, असं सगळं त्यात येतं. अर्थशास्त्रज्ञ ज्याला उत्पादकता म्हणतात, तिच्यापेक्षा मला हा शब्द जास्त आवडतो. संगणक कचेरीत शिरला तो हा उरक वाढवण्याचं वचन देऊनच. पण वचन पाळलं गेलं की नाही, हे कुणी मोजलं का? मोजलं तर कसं? या प्रश्नाला आता सत्तर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि तो आपल्याला वाटतो तितका सरळ नाही.

याची सुरुवात, गंमत म्हणजे, चहा आणि केक विकणाऱ्या एका कंपनीत झाली. ब्रिटनमध्ये जे. लायन्स अँड कंपनी नावाची मोठी पेढी होती. गावोगावी तिची चहाची दुकानं होती. कपाकपावर मिळणारा नफा पैशा-दोन पैशांचा, त्यामुळे हिशेब ठेवण्याचा खर्च वाढला तर नफा तिथेच संपायचा. म्हणून लायन्सच्या व्यवस्थापकांना कारकुनी कामाचा अभ्यास करण्याचं जणू वेडच होतं. कुठला कागद कुणाकडे जातो, तो किती वेळ पडून राहतो, एक बिल तपासायला किती मिनिटं लागतात, याच्या नोंदी तिथे संगणकाच्या कितीतरी आधीपासून होत होत्या. १९४७ मध्ये कंपनीने आपली दोन माणसं अमेरिकेत पाठवली. तिथे त्यांनी गणित करणाऱ्या नव्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांची माहिती घेतली. परत आल्यावर केंब्रिज विद्यापीठातल्या यंत्राच्या धर्तीवर कंपनीने स्वतःचाच संगणक बांधायला घेतला. त्याचं नाव ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१ मध्ये त्यावर बेकरीच्या मालाचा हिशेब होऊ लागला. धंद्याच्या रोजच्या कामासाठी संगणक वापरण्याचं हे जगातलं पहिलं उदाहरण मानलं जातं.

पुढे १९५४ मध्ये लिओवर पगारपत्रकं निघू लागली. अनुभवी कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला आठ मिनिटं लागत, लिओ तेच काम दीड सेकंदात करत असे. हा आकडा नंतर जगभर सांगितला गेला. सांगणाऱ्यांचं लक्ष अर्थातच दीड सेकंदाकडे असे. मला त्यातली आठ मिनिटं महत्त्वाची वाटतात. यंत्र येण्यापूर्वी माणसाला किती वेळ लागत होता हे लायन्सला ठाऊक होतं, म्हणून तुलना करता आली. पुढच्या चाळीस वर्षांत लाखो कचेऱ्यांनी संगणक घेतले. त्यांतल्या किती जणांनी आधीची ‘आठ मिनिटं’ मोजून ठेवली होती?

फारच थोड्यांनी, हे त्याचं उत्तर. आणि १९८०च्या दशकात त्याचे परिणाम दिसू लागले. अमेरिकेतल्या कचेऱ्यांनी तोवर संगणकावर अमाप पैसा ओतला होता. पण राष्ट्रीय आकडेवारीत दर माणशी, दर तासाला होणाऱ्या कामाची वाढ मंदावलेलीच होती. १९८७ मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी एका पुस्तक परीक्षणात सहज एक शेरा मारला. संगणकाचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत तेवढं ते दिसत नाही, असा त्याचा आशय. त्याच वर्षी सोलो यांना नोबेल मिळालं, आणि त्यांचा हा शेरा ‘सोलो यांचा विरोधाभास’ म्हणून अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जाऊ लागला.

यावर सगळ्यात समाधानकारक उत्तर दिलं ते पॉल डेव्हिड या आर्थिक इतिहासकाराने, १९९० मध्ये. त्यांनी विजेचा दाखला दिला. एडिसनची वीजकेंद्रं १८८२ मध्येच सुरू झाली होती. पण १९०० च्या सुमाराला अमेरिकेतल्या कारखान्यांतली पाच टक्के यंत्रंसुद्धा विजेच्या मोटरवर चालत नव्हती. ज्यांनी वीज घेतली त्यांनीही वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक भलीमोठी मोटर बसवली, बाकीचे दांडे आणि पट्टे होते तसेच ठेवले. वीज आली, कारखाना मात्र वाफेचाच राहिला. प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाली आणि कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रं मांडता येऊ लागली, तेव्हा १९२०च्या दशकात कुठे उत्पादन झपाट्याने वाढलं. डेव्हिड यांचं म्हणणं, संगणकाचंही तसंच होणार. आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेचे आकडे खरोखरच वर चढले. (पुढे २००० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून ते पुन्हा सुस्तावले, हेही सांगायला हवं.)

पण संपूर्ण देशाच्या आकड्यांवरून एका कचेरीतल्या एका टेबलाविषयी काही कळत नाही. साहेबांना निर्णय घ्यायचा असतो तो त्या टेबलाविषयी. हे नवं यंत्र घ्यावं की जुनंच चालू ठेवावं? हा प्रश्न आधी आयबीएमच्या लोकांनी एका अंगाने हाताळला. बटण दाबल्यापासून पडद्यावर उत्तर उमटेपर्यंत जो वेळ जातो, त्याचा कामावर काय परिणाम होतो, हे त्यांनी तपासलं. १९८२ मध्ये वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी आकडे मांडले. संगणक तीन सेकंदांनी उत्तर देत असेल तर माणूस तासाला सुमारे १८० व्यवहार करतो. तोच वेळ ०.३ सेकंदावर आणला तर ३७१ करतो. म्हणजे नुसता वाट पाहण्याचा वेळ वाचला असं नाही. उत्तराची वाट पाहताना माणसाच्या डोक्यातला धागा तुटत होता आणि तो पुन्हा जुळवायलाही वेळ जात होता. बँकेच्या खिडकीशी ‘सर्व्हर स्लो आहे’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

यावरून कुणालाही वाटेल की यंत्र जितकं वेगवान, तितका उरक जास्त. तसं नाही, हे ज्या प्रयोगाने दाखवून दिलं त्याची गोष्ट आता जरा सविस्तर सांगतो.

न्यूयॉर्क आणि आसपासच्या राज्यांत टेलिफोनसेवा देणारी नायनेक्स नावाची कंपनी होती. तिच्याकडे शेकडो ऑपरेटर कामाला होते. आपल्याकडे ट्रंक कॉलच्या जमान्यात ‘पी. पी. कॉल लावा’ असं सांगावं लागे, ते आठवतंय ना? साधारण तशाच कामासाठी हे ऑपरेटर असत. पैसे समोरच्याने भरायचे, कार्डावर टाकायचे, की तिसऱ्याच क्रमांकाच्या बिलात घालायचे, हे गिऱ्हाइकाला विचारायचं, नोंदवायचं आणि कॉल जोडून द्यायचा. एका कॉलला सरासरी वीसएक सेकंद. कंपनीचा ठोकताळा असा की सरासरीतला एक सेकंद कमी झाला, तर वर्षाला तीस लाख डॉलर वाचतात.

अशा वेळी एका उत्पादकाने नवं संगणकीय टेबल पुढे आणलं. जुन्या टेबलावर नुसती अक्षरं उमटत आणि माहिती संथपणे येई. नव्याचा पडदा सुबक, चित्रखुणांचा, माहिती चौपट वेगाने आणणारा. बटणांची मांडणीही विचारपूर्वक केलेली, वारंवार लागणारी बटणं एकमेकांच्या जवळ. नव्या टेबलामुळे कॉलमागे चार सेकंद वाचतील, असा अंदाज वर्तवला गेला. चार गुणिले तीस लाख, म्हणजे वर्षाला एक कोटी वीस लाख डॉलर. कुठल्याही साहेबाने सही केली असती.

नायनेक्सने सही करण्याआधी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे प्रत्यक्ष चाचणी. काही ऑपरेटर जुन्या टेबलावर बसवले, काही नव्यावर. चार महिने खऱ्या गिऱ्हाइकांचे खरे कॉल, आणि अठ्ठ्याहत्तर हजारांहून अधिक कॉलचा हिशेब. दुसरी गोष्ट अधिक कुतूहलाची. कंपनीतले संशोधक वेन ग्रे आणि मायकेल अ‍ॅटवूड, आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या बॉनी जॉन, यांनी चाचणीचे आकडे हाती नसतानाच कागदावर भाकीत करायचं ठरवलं. एका टेलिव्हिजन कार्यक्रमात लिली टॉमलिन या अभिनेत्रीने अर्नेस्टिन नावाची विनोदी टेलिफोन ऑपरेटर रंगवली होती. तिच्यावरून या कामाला ‘प्रोजेक्ट अर्नेस्टिन’ नाव मिळालं.

भाकिताची रीत अशी. ऑपरेटरच्या कामाच्या चित्रफिती पाहून प्रत्येक कॉल बारीक बारीक तुकड्यांत मोडायचा. डोळ्यांनी पाहणं, कानांनी ऐकणं, मनाने ठरवणं, बोटाने बटण दाबणं, तोंडाने बोलणं. प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो हे मानसशास्त्राच्या प्रयोगांवरून ठाऊक होतं. मग कुठली गोष्ट कुठल्या गोष्टीनंतरच होऊ शकते आणि कुठल्या गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, याचा नकाशा काढायचा. पूल किंवा धरण बांधताना अभियंते कामांचा जो तक्ता मांडतात, तसाच हा तक्ता. फक्त वीस सेकंदांच्या कामाचा.

आणि तक्ता म्हणाला, नवं टेबल जुन्यापेक्षा धीमं ठरेल.

कुणाचा विश्वास बसेना. चाचणीचे आकडे आले आणि तक्ता खरा ठरला. नव्या टेबलावर कॉलमागे सरासरी ०.६५ सेकंद जास्तच लागत होता. एक कोटी वीस लाख डॉलर वाचायचे राहिले बाजूला, वर्षाला जवळजवळ वीस लाख डॉलरचा भुर्दंड बसला असता. नायनेक्सने ती टेबलं घेतली नाहीत.

पण असं का व्हावं? हा या गोष्टीतला सगळ्यात सुंदर भाग आहे. स्वयंपाकघरातला दाखला घेऊ. चहाचं आधण ठेवलंय, ते उकळेपर्यंत तुम्ही आलं किसून घेता. आलं दुप्पट वेगाने किसलं तर चहा लवकर होईल का? नाही, आधणाला लागायचा तेवढाच वेळ लागणार. उलट, आलं किसण्याचं काम चहा गाळताना करायचं ठरवलं, तर तेवढा वेळ सरळ वाढणार. नव्या टेबलाने नेमकं हेच केलं होतं. जुन्या टेबलावर काही बटणं कॉलच्या सुरुवातीला, गिऱ्हाईक बोलत असतानाच दाबली जात. तो वेळ ऑपरेटरच्या दृष्टीने रिकामाच होता. नव्या आराखड्यात ती बटणं वाचवली, पण शेवटी एक बटण वाढवलं. त्या क्षणी बोलणं संपलेलं असतं आणि सगळे त्या बटणाचीच वाट पाहत असतात. एकूण बटणं कमी झाली, वेळ वाढला. प्रत्येक सुटा भाग सुधारला होता, म्हणूनच नुसते चाचणीचे आकडे साहेबांना पटले नसते. काहीतरी चुकलं असणार म्हणून त्यांनी ते बाजूला सारले असते. कारण सांगणारा तक्ता सोबत होता, म्हणून ते पटले.

१९९३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणूस आणि यंत्र यांच्या संबंधांचा अभ्यास करणारे आजही त्याचा दाखला देतात. संगणक कामाला किती मदत करतो हे यंत्राकडे पाहून कळत नाही, विक्रेत्याला विचारून तर मुळीच नाही. काम मुळात कसं चालतं, त्यात माणूस कुठे थांबतो, कुठे ऐकतो, हे आधी पाहावं लागतं. लायन्सच्या लोकांना हे उपजतच कळलं होतं. त्यांनी दुकानांच्या रोजच्या मागणीचं काम लिओवर घेतलं, तेव्हा दुकानाच्या प्रमुख बाईंनी फोनवर फक्त बदल सांगायचा आणि ऐकणाऱ्या मुलीने ऐकता ऐकताच तो कार्डावर छिद्रांनी नोंदवायचा, अशी रचना केली होती. ऐकण्याचा आणि नोंदवण्याचा वेळ एकच!

इथे एक अडचणीचा प्रश्न आहे आणि तो टाळून पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. यंत्र मोजायचं तर ते चालवणारा माणूसही मोजला जातो. मग मोजमाप नक्की कुणाचं? फ्रेडरिक टेलर यांचे शिष्य स्टॉपवॉच घेऊन कारखान्यांत उभे राहू लागले, तेव्हा १९११ मध्ये अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या शस्त्रागारात कामगारांनी संप केला. प्रकरण संसदेपर्यंत गेलं आणि सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच वापरण्यावर बंदी आली. संगणकाने हे घड्याळ माणसाच्या टेबलातच बसवून टाकलं. आता उभं राहणारा कुणी लागत नाही, तासाला किती बटणं दाबली गेली हे यंत्र स्वतःच सांगतं. १९८७ मध्ये, म्हणजे सोलो यांनी तो शेरा मारला त्याच वर्षी, अमेरिकन संसदेच्या तंत्रज्ञान-मूल्यमापन कार्यालयाने या ‘इलेक्ट्रॉनिक मुकादमा’वर एक अहवालच काढला. अर्नेस्टिनच्या अभ्यासाकडे मी आदराने पाहतो त्याचं एक कारण हेच आहे. सेकंद ऑपरेटरचे मोजले, पण दोष यंत्राच्या आराखड्यात शोधला. हे नेहमी घडतं असं नाही.

आपल्याकडे हाच प्रश्न वेगळ्या तोंडाने आला. आयुर्विमा महामंडळाने १९६०च्या दशकात संगणक आणायचं ठरवलं, तेव्हा कर्मचारी संघटनांनी कडाडून विरोध केला. कलकत्त्यात तर यंत्र आत येऊ नये म्हणून इलाको हाऊसवर कर्मचाऱ्यांनी पहारे दिले. शेवटी केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर समिती नेमली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी केलेला भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास १९७१ मध्ये आला, आणि १९७२ मध्ये या समितीचा अहवाल. ज्या देशात गरिबांची गणती चालली आहे, त्याच देशात कारकुनाचं काम यंत्राला द्यावं का, हे दोन्ही प्रश्न एकाच माणसाच्या टेबलावर होते. बँकांत तर १९८३ मध्ये संघटनांशी करार झाल्यावर आणि पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आल्यावरच यंत्रांना रीतसर वाट मिळाली.

अमेरिकेत सेकंद मोजले जात होते, आपल्याकडे नोकऱ्या. कामगार पुढाऱ्यांना प्रगती कळत नव्हती, असं नंतर सरसकट म्हटलं गेलं. मला ते पटत नाही. नायनेक्सच्या ऑपरेटरांचंच पाहा. त्यांचे सेकंद इतक्या काटेकोरपणे मोजले जात होते, त्याच सुमाराला, १९९२ मध्ये, एटी अँड टी कंपनीने आवाज ओळखणारी यंत्रणा सुरू केली. तिला मोजकेच शब्द कळत, पण पैसे कोण भरणार एवढं समजायला ते पुरेसे होते. हजारो ऑपरेटरांची गरज संपली. टेबल चांगलं की वाईट, हा प्रश्नच उरला नाही. इलाको हाऊसबाहेर बसलेल्यांना ही शक्यता दिसत होती. मात्र यंत्र आल्यावर कारकुनाचा दिवस सोपा होईल का, गिऱ्हाइकाची रांग आटोपेल का, हे मोजण्याची मागणी त्यांनी केली असती तर बरं झालं असतं. ती मागणी ना संघटनांनी जोरात केली, ना व्यवस्थापनाने.

आता कचेऱ्यांत कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे आणि जुनेच आकडे नव्याने मांडले जात आहेत. २०२३ मध्ये एरिक ब्रिन्योल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्राने उत्तरं सुचवायला सुरुवात केल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवशिक्यांच्या बाबतीत वाढ ३४ टक्क्यांची होती, मुरलेल्यांना मात्र फारसा फरक पडला नाही. म्हणजे अनुभवी माणसाची हातोटी यंत्रामार्फत नवख्याच्या हाती गेली. त्या अनुभवी माणसाला तिचा मोबदला मिळाला का, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आणि २०२५ मध्ये मेटर नावाच्या संशोधन संस्थेने सोळा अनुभवी प्रोग्रामर घेतले. ज्या प्रकल्पांवर ते वर्षानुवर्षं काम करत होते, त्यांतलीच २४६ कामं त्यांना दिली. कुठल्या कामात कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यायची आणि कुठल्या नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. काम सुरू करण्याआधी त्यांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, मदत घेतली तर वेळ २४ टक्के कमी लागेल. घड्याळाने सांगितलं, १९ टक्के जास्त लागला. सगळं संपल्यावर, घड्याळाचा निकाल न सांगता, त्यांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, आमचा वेळ २० टक्के वाचला.